तयारी करून वर्गात जाता? वेळ बरा मिळतो तुम्हाला!

नवीन लागलात का शाळेत? अभिनंदन. आता बीएडला शिकवलेलं ते पाठाआधीच्या तयारीचं प्रकरण पहिलं डोक्यातून काढून टाका. तयारीला किती वेळ द्यावा हा प्रश्नच चुकीचा आहे, खरं विचारायचं ते हे की तयारीचा फोटो काढता येतो का? नाही ना? मग केलीत काय आणि न केलीत काय. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. योग दिनाला वाकलात, फोटो, ग्रुपवर टाकला की काम झालं. पण रात्री अकराला पुस्तक उघडून, भागाकार यंदा कसा सांगू म्हणजे मागच्या बाकावरच्या त्या पोरीला कळेल, असा विचार करत बसलात तर तो भरणार कुठल्या पोर्टलवर? यूडायसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर, नळ किती, शौचालयं किती, सगळ्याला रकाना आहे. याला नाही.

आणि हो, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाला आठवड्याचे ४५ तास सांगितलेत, "तयारीच्या तासांसह". म्हणजे आठला भरलेल्या शाळेचे रोज पाच तास धरले तरी सहा दिवसांचे ३० होतात, उरले १५, ते तयारीला. हे चुकूनही बाहेर बोलू नका. तिठ्यावर चहा पिणाऱ्यांचा हिशोब वेगळा आहे, मास्तरला अर्धा दिवस काम, पूर्ण पगार, वर मे महिन्याची सुट्टी. २०२५ मध्ये गोव्यातली हायस्कुलं एप्रिलातच उघडली तरी हे वाक्य काही बंद पडलं नाही.

बरं ते १५ तास असेही रिकामे राहणार नाहीत, काळजी नको. त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्यासाठीच तुम्हाला बाहेर काढता येतं. एवढ्यासाठीच! बीएलओ, म्हणजे मतदार यादीवाला, म्हणून घरोघरी फिरा, मेलेल्या माणसाचं नाव यादीतून काढायला त्याच्याच घरी जाऊन फॉर्म भरा, परत या, माध्यान्ह आहाराची पावभाजी आली असेल, ती आधी तुम्ही चाखा, मग पाव मोजा, मग पोरं मोजा, दोन्ही आकडे जुळवा. गणिताचा तास झालाच की!

गोव्यात सत्तरी-सांग्याकडच्या एकशिक्षकी शाळेत पोस्टिंग मिळालं तर मग विषयच संपला. कायदा म्हणतो ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक पाहिजेत, इथे तुम्ही एकटे, पहिली ते चौथी एकाच खोलीत, चार वर्गांचे सगळे विषय. हेडमास्तर तुम्हीच, क्लार्क तुम्हीच, घंटा पण तुम्हीच वाजवायची. तयारी कुठल्या वर्गाची करणार?

तरी काही जणांना खाज असते. समजा भरती-ओहोटीचा पाठ आहे आणि शाळा चोडण-दिवाडीच्या बेटांकडे. तयारी करणारा माणूस आदल्या दिवशी खाजनावर, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीवर, जाऊन मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार बघून येईल, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला खारं पाणी आत येऊ नये म्हणून आपोआप मिटतं, मग पोरांना घेऊन जायची वेळ काढेल, तिथे एखादा पोर विचारणार की सर, भरती रोज त्याच वेळेला का येत नाही, मग चंद्र, मग रोज पन्नासेक मिनिटांचा फरक, मग अजून दहा प्रश्न. कशाला पाहिजे हे? पुस्तकातली आकृती वहीत काढायला सांगा आणि गप्प बसा म्हणा. मासे पकडणाऱ्या घरातली पोरं असतात ती, त्यांना भरतीची वेळ तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते, उगाच परीक्षा कोणाची घेताय?

टाचणवही, म्हणजे कुठल्या दिवशी काय शिकवणार ते लिहायची वही, मात्र चुकवू नका, तयारी आणि टाचण यांचा काही संबंध नाही हे एकदा पक्कं समजून घ्या. मागच्या वर्षीची वही घ्या, तारखा बदला, निळ्या पेनाने लिहा, उद्दिष्टं लाल पेनाने, भागशिक्षणाधिकारी येतील, पानं उलटतील, सही करतील, चहा घेऊन जातील. एकच सांभाळा. चवथ दरवर्षी मागेपुढे होते, तेव्हा कॅलेंडर समोर ठेवूनच कॉपी करा, नाहीतर गणपती घरात असताना तुम्ही वर्गात अपूर्णांक शिकवलात असं वहीत निघायचं, आणि तपासणारे पाठ वाचत नसले तरी तारखा वाचतात.