मुलाखतीआधी आठ दिवस गावात

पाण्यावर काम करणाऱ्या संस्थेचा प्रमुख कसा निवडावा, यावरच्या एका लेखात म्हटलंय की त्याला परदेशी देणगीदारांशी नीट बोलता आलं पाहिजे. मान्य, पैसा लागतोच. पण मला विलासराव साळुंखे आठवले. पुण्यातले इंजिनिअर, कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेले आणि नायगावातून पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या हिशेबानं नाही, माणशी, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला पाणी नाही! महाराष्ट्रात हे लोकांच्या गळी उतरवायचं म्हणजे किती धीर लागला असेल.

माझं माहेर पुरंदरचंच. आमच्याकडचा पाटकरी, म्हणजे पाळीपाळीनं शेतांना पाटाचं पाणी सोडणारा माणूस, अजून डोळ्यांसमोर आहे. खांद्यावर फावडं, गुडघ्यापर्यंत चिखल. पाळी संपली की सख्ख्या चुलत्याचंही पाणी तोडायचा. त्यावरून घरात महिनाभर अबोला होता, तरी तो बधला नाही.

विश्वस्तांना कळकळीची विनंती: उमेदवाराला आधी आठ दिवस गावात राहायला पाठवा, तेही मे महिन्यात, टँकरच्या दिवसांत. मुलाखत त्यानंतर घ्या. आणि प्रश्न विचारायला त्या गावातल्या, हंडे वाहणाऱ्या दोघीजणींनाही पुण्याला बोलवा. त्यांचं एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज संस्थेनं द्यावा.