भुसावळच्या अप्पांना उत्तर : दहा वर्षांचा हिशेब कोणाच्या भरवशावर ठेवायचा?

अप्पा, नमस्कार.

घरच्या हिशेबाचा जो ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता येतो असा) प्रोग्राम आम्ही काही जण मिळून बिनपगारी करतो, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं : सहकारी बँकेच्या कॅश काउंटरवर उभी हयात गेली, पैशाचं काम हे हौशी माणसांचं काम नव्हे. बँकेचं स्टेटमेंट यात आपोआप उतरत नाही. सगळं मराठीत नाही. दुरुस्ती सुचवली तर महिनोन्‌महिने लागतात. आणि उद्या ही पोरं नोकरी-संसारात अडकून पांगली, तर माझ्या दहा वर्षांच्या नोंदी कोणाकडे मागायच्या? ‘ज्याला पगार नाही त्याला जबाबदारी नाही,’ असं तुम्ही शेवटी म्हटलंय.

प्रश्न रास्त आहेत आणि पैशाबद्दल ते विचारलेच पाहिजेत. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे त्याच्याच पोटात आहेत.

आम्ही पांगू शकतो. आमच्यातला एक शिरपूरला आहे, दोघं जळगावात, धुळ्याच्या एक सीए ताई आहेत, बाकीचे पोटापाण्यासाठी पुण्याला गेलेले. कोणाचं लग्न ठरतं, कोणाचे वडील आजारी पडतात, कोणाची कंपनी रात्री बारापर्यंत सोडत नाही. हे गृहीत धरूनच आम्ही सुरुवातीला ठरवलं की तुमच्या नोंदी आमच्या कुठल्याही सर्व्हरवर येणार नाहीत. त्या तुमच्याच कॉम्प्युटरवर एका फाईलमध्ये राहतात आणि ती फाईल एसक्यूलाईट प्रकारची आहे. हा प्रकार आमचा नाही. जगातल्या बहुतेक सगळ्या मोबाईलमध्ये तो आधीपासून वापरात आहे आणि त्याच्या कर्त्यांनी २०५० सालापर्यंत तो सांभाळण्याचा मनोदय जाहीर केला आहे. आमचा प्रोग्राम उद्या बंद पडला तरी दुसरं कुठलंही साधन घेऊन ती फाईल उघडता येते, एक्सेलमध्ये काढून घेता येते. आमच्या गटातला एकही माणूस फोन उचलायला शिल्लक नसला तरी तुमचे आकडे तुमच्याजवळच आहेत.

आता पगारी माणसांचं पाहू. मायक्रोसॉफ्ट मनी हे घरच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर पगारी माणसांनीच केलेलं होतं. २००९ च्या जूनमध्ये त्याची विक्री थांबली. अमेरिकेत मिंट नावाचं हिशेबाचं फुकट ॲप होतं, मागे इंट्युइटसारखी बलाढ्य कंपनी. तेही मार्च २०२४ मध्ये बंद झालं. या कंपन्यांकडे पैशाची टंचाई नव्हती. धंद्याच्या गणितात ती वस्तू बसेना, एवढंच. उलट जीएनयूकॅश हा स्वयंसेवकांनी केलेला हिशेबाचा ओपन सोर्स प्रोग्राम पाहा. त्याची १.० आवृत्ती १९९८ ची, ५.० आली २०२३ मध्ये. मधल्या काळात किती तरी हात बदलले, पण काम सुरू राहिलं. केमायमनी हा तसाच दुसरा प्रोग्राम २००० सालापासून चालू आहे, तेही स्वयंसेवकांच्याच जोरावर. याचा अर्थ स्वयंसेवकांचं काम कधी थांबतच नाही असा घेऊ नका. जीएनयूकॅशचं अँड्रॉइडवरचं ॲप काही वर्षं चाललं आणि मग थंडावलं. पण कोड उघडा होता, म्हणून दुसऱ्यांना तो उचलून पुढे नेता आला. बंद झालेल्या कंपनीच्या कपाटातला कोड कोणाला उचलता येत नाही.

तेव्हा आमच्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणतच नाही, अप्पा. तपासून घ्या, असं म्हणतो. आणि तपासायला काय असतं, ते एका उदाहरणाने सांगतो, कारण दुरुस्तीला वेळ का लागतो याचं उत्तरही त्यातच आहे.

अमळनेर तुम्हाला सांगायला नको. १९४५ साली तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी उभी राहिली, तीच पुढे विप्रो झाली. अमळनेरातल्या कितीतरी घरांत आजोबांच्या काळापासूनचे ते शेअर आहेत. आमच्याकडे त्यातल्याच एका घरातून तक्रार आली : प्रोग्राम दाखवतो ते शेअर आणि डीमॅटमधले (शेअर ठेवायच्या खात्यातले) शेअर जुळत नाहीत.

आकडे मांडून पाहू. २०१० च्या सुरुवातीला १०० शेअर होते असं धरा. त्या वर्षी बोनस, म्हणजे जुन्या शेअरवर फुकट मिळणारे नवे शेअर, आला २:३, म्हणजे तीनामागे दोन. २०१७ मध्ये १:१. २०१९ मध्ये १:३. २०२४ मध्ये पुन्हा १:१. (२०१३ मध्ये कंपनीने आयटी सोडून बाकीचे धंदे वेगळे काढले, त्यात कोणी कुठला पर्याय घेतला ते इथे बाजूला ठेवतो.) नुसता गुणाकार करत गेलं तर १०० चे १६६.६७, मग ३३३.३३, मग ४४४.४४ आणि शेवटी ८८८.८९. पण डीमॅटमध्ये अपूर्णांक शेअर मिळत नाही. अपूर्णांकाचे पैसे रोख जमा होतात. म्हणून खरा हिशेब १०० चे १६६, मग ३३२, मग ४४२, मग ८८४. दोन्हींत जवळजवळ पाच शेअरचा फरक पडतो, आणि तो अशा ठिकाणी दडलेला असतो की माणूस शेअर विकायला जाईपर्यंत त्याच्या लक्षातही येत नाही.

तुम्ही म्हणाल, अपूर्णांक टाकून द्या, एका ओळीचं काम आहे. टाकता येत नाही. त्या अपूर्णांकापोटी बँकेत काही रुपये आलेले असतात, त्यांची नोंद कुठे तरी बसायला हवी, नाहीतर खातं बँकेतल्या शिलकीशी जुळत नाही. पुढे कराचा प्रश्न येतो. बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात. पण ३१ जानेवारी २०१८ पर्यंत हातात आलेल्या शेअरना त्या दिवशीच्या बाजारभावाची सवलत आहे. म्हणजे २०१० आणि २०१७ चे बोनस शेअर एका पद्धतीने, २०१९ आणि २०२४ चे दुसऱ्या पद्धतीने. आणि डीमॅटमधून विकताना आधी आलेले आधी गेले असं धरायचं. एकाच कंपनीचे, एकाच माणसाचे शेअर, पण आतमध्ये पाच वेगळे गठ्ठे. जीएनयूकॅशवाले रक्कम अंश आणि छेद अशा दोन पूर्ण संख्यांत ठेवतात. आम्ही रुपयांचे पैसे करून पूर्ण संख्येत ठेवतो आणि बोनसचं प्रमाण अपूर्णांक म्हणून वेगळं ठेवतो, कारण कॉम्प्युटरच्या नेहमीच्या दशांशात दहा पैसेसुद्धा तंतोतंत बसत नाहीत.

ही दुरुस्ती शिरपूरच्या मुलाने लिहिली. धुळ्याच्या ताईंनी कागदावर वेगळा हिशेब करून ताडून पाहिली. तिसऱ्याने मुद्दाम वेडेवाकडे आकडे घालून ती मोडायचा प्रयत्न केला : एकच शेअर असेल तर? बोनसच्या आदल्या दिवशी विकला असेल तर? मगच ती आत घेतली. पैशाच्या आकडेमोडीला हात लावणारा कोणताही बदल दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय आत जात नाही, हा आमचा नियम आहे. तो कोणाच्याही घाईसाठी मोडत नाही, आमच्या स्वतःच्याही नाही.

या नियमावर मी इतका हट्टी का, तेही सांगतो. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या फाईल दाबून लहान करणाऱ्या साधनात चोरदरवाजा सापडला. ते साधन जगभरच्या लिनक्स मशीनवर असतं आणि त्याची जबाबदारी एका दमलेल्या स्वयंसेवकावर होती. कोणी तरी दोनेक वर्षं गोड बोलून, मदत करून त्याचा विश्वास कमावला. दुसरीकडे वेगवेगळ्या नावांनी पत्रं येत राहिली, की इतका उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. शेवटी हाती दिलं, आणि घात झाला. तो पकडला अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने, लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय याचा पाठलाग करून. म्हणजे एकट्या स्वयंसेवकावर सगळं सोडणं धोक्याचं आहे, हा तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा. आमचं उत्तर इतकंच की एकट्यावर सोडायचं नाही, कोड सगळ्यांना वाचता येईल असा ठेवायचा आणि उशीर झाला तर होऊ द्यायचा.

स्टेटमेंट आपोआप का उतरत नाही? कारण तशी वाट आमच्यासाठी खुली नाही. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये अकाउंट ॲग्रिगेटरचे नियम केले, २०२१ मध्ये ती व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाली. तुमच्या संमतीने तुमची माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे जाते, व्यवस्था चांगली आहे. पण माहिती घेणारी संस्था कुठल्या तरी वित्तीय नियामकाच्या देखरेखीखालची असावी लागते. आमच्यासारख्या सात-आठ जणांच्या गटाला तिथे जागा नाही. दुसरी वाट म्हणजे तुमचा नेटबँकिंगचा पासवर्ड मागायचा. तो आम्ही कधीही मागणार नाही, आणि जो मागेल त्याला देऊ नका. मग उरतं ते हे की स्टेटमेंट तुम्ही बँकेतून उतरवायचं आणि प्रोग्रामला द्यायचं. प्रत्येक बँकेचे रकाने वेगळे. कोणी जमा आणि नावे दोन रकान्यांत देतं, कोणी एकाच रकान्यात पुढे सीआर-डीआर लिहितं, आणि मधूनच न सांगता रकाना बदलतं. नमुन्यासाठी लोकांचं खरं स्टेटमेंट मागणं आम्हाला पटत नाही, म्हणून नाव-नंबर खोडलेलं कोणी पाठवेल तेव्हाच ते काम पुढे सरकतं.

मराठी पडद्यांबद्दलची तक्रार मान्य. मुख्य पडदे मराठीत आहेत, मदतीची पानं व्हायची आहेत.

पण अप्पा, हा प्रोग्राम आम्ही का करतो, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आलं नाही, आणि मला तेच सांगायचं आहे. बाहेरून आलेलं बहुतेक हिशेबाचं सॉफ्टवेअर धरून चालतं की दर महिन्याला पगार येतो. रावेर-यावलच्या केळीवाल्याला दर महिन्याला काय येतं? कांदेबाग ऑक्टोबरात लागते, मृगबाग जून-जुलैत, आणि पैसा येतो तो कटाईला, तोही व्यापारी देईल तसा, तुकड्या-तुकड्यांत. त्याला ‘या महिन्यात तुम्ही बजेटबाहेर खर्च केला’ असं लाल अक्षरात सांगून काय उपयोग? आम्ही बजेट महिन्याऐवजी हंगामावर बांधता येईल असं केलं. एका बागेची लागवड ते कटाई हा एक हिशेब, मग तो दोन आर्थिक वर्षांत पसरला तरी.

तसंच अडकलेल्या ठेवींचं. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थेत ठेव अडकलेली घरं किती आहेत, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. पावती कपाटात आहे, रक्कम छापलेली आहे, पैसे मिळत नाहीत. ती शिल्लक म्हणून धरली तर घर श्रीमंत दिसतं आणि माणूस त्या भरवशावर मुलीच्या लग्नाचा आकडा ठरवतो. बुडीत म्हणून काढली तर पाठपुरावा सुटतो, आणि मधेच थोडी रक्कम परत मिळाली तर ती कुठे दाखवायची कळत नाही. आम्ही त्यासाठी वेगळं खातं केलं. ते एकूण मालमत्तेत दिसतं, पण ‘हातात किती’ या आकड्यात धरलं जात नाही. पावतीची मुदत, अर्जाची तारीख, मिळालेले हप्ते सगळं त्याच्याखाली. कुठल्या कंपनीने हे पगारी माणसांकडून करून घेतलं असतं? यात धंदा नाही. हे करून घ्यायला ज्याच्या घरात अशी पावती पडून आहे असाच कोणी तरी बसावा लागतो, आणि आमच्यातल्या एकाच्या घरी ती आहे. जबाबदारी पगारातूनच येते, हे मला त्यामुळे पटत नाही.

आता एक विनंती. सोसायटीच्या पीककर्जाचं नवं-जुनं हा पडदा सध्या तपासणीत आहे. मार्चअखेर कोणाकडून चार दिवसांसाठी उसने घेऊन कर्ज भरायचं, नवं कर्ज उचलायचं, उसने फेडायचे. कागदावर कर्ज फिटलं आणि पुन्हा झालं, पण त्या चार दिवसांचं व्याज खिशातून गेलं, ते कुठेच दिसत नाही. ते दिसावं असा हा पडदा आहे. नोंदी जुळतात. वाद उरलाय तो व्याज सवलतीचा. वेळेत भरल्याची सवलत पुष्कळ उशिरा खात्यात येते, तेव्हा ती ज्या वर्षाच्या कर्जाची त्याच वर्षात धरावी असं धुळ्याच्या ताईंचं मत, आणि ज्या दिवशी पैसे आले त्या दिवशी धरावी असं शिरपूरच्या मुलाचं. तुम्ही अशा नोंदी वर्षानुवर्षं हाताळल्या आहेत. सोसायटीच्या वहीत ती प्रत्यक्षात कुठे लिहायचे, आणि शेतकऱ्याला कुठे लिहिलेली बरी, हे कळवलंत तर पडदा त्याप्रमाणे बदलू.