दोन किलोचे डंबेल धरून ठोसा जड होत नाही

तालमीच्या आणि जिमच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘३० दिवसांत ठोसा दुप्पट जड’. त्यात पाच गोष्टी सांगितल्यात. दोन्ही हातांत दोन-दोन किलोचे डंबेल घेऊन रोज १० मिनिटं शॅडो बॉक्सिंग (समोर कुणी नसताना हवेत ठोसे) करा. रोज ५०० जोर मारा. वाळूच्या पोत्यावर उघड्या मुठीने ठोसे मारा, म्हणजे हाड पक्कं होतं. टांगलेल्या पंचिंग बॅगवर रोज अर्धा तास पूर्ण ताकदीने मारा. आणि जड वजनांना हात लावू नका, त्याने वेग जातो. कोल्हापुरात मेहनतीला कुणी भीत नाही, म्हणून इथे हा मेसेज पोरं लगेच मनावर घेतात. पण यातल्या दोन गोष्टी खांदे आणि हात निकामी करणाऱ्या आहेत, दोन चुकीच्या जागी घाम गाळायला लावणाऱ्या, आणि शेवटची तर साफ उलटी आहे.

आधी डंबेल. रंकाळ्यावर संध्याकाळी डंबेल धरून हवेत हात फेकणारी पोरं दिसतात, त्यांना हे नीट समजायला हवं. वजन खाली ओढतं आणि ठोसा समोर जातो. त्यामुळे खांद्याचा पुढचा स्नायू सगळा वेळ डंबेल खाली पडू नये म्हणूनच राबतो. हात पूर्ण लांबला की ते दोन किलो पुढे उडू पाहतात. त्यांना आवरायचं काम कोपर आणि खांद्यामागचे छोटे स्नायू करतात. १० मिनिटांत असे शेकडो झटके बसतात. शिवाय मूठ जिथे सगळ्यात वेगात हवी, तिथेच ब्रेक लावायची सवय अंगात मुरते. डंबेल ठेवल्यावर हात हलका वाटतो हे खरं, पण तो नुसता भास असतो, ठोशाचा वेग त्याने वाढत नाही.

ठोसा निघतो मागच्या पायातून. उजव्या हाताचा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, घ्या: उजव्या पायाच्या चवड्याने जमीन रेटली जाते, टाच उचलून बाहेर वळते, मग कंबर, मग धड, खांदा, कोपर आणि सगळ्यात शेवटी मूठ. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका सोव्हिएत अभ्यासात मुरलेल्या बॉक्सरांच्या सरळ ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के, धडाच्या वळण्याचा ३७ आणि हाताचा २४ टक्के निघाला होता. नवख्यांमध्ये पायांचा वाटा १६-१७ टक्क्यांवरच होता. घरी ताडून बघायचं असेल तर बॅगसमोर खुर्चीत बसा, पाय जमिनीवरून उचला आणि मारा. जे उरतं तेवढंच डंबेलवाला मेसेज वाढवायला निघालाय.

त्याऐवजी हे करा. २० किलोच्या दांडीचं एक टोक जाड कापड गुंडाळून भिंतीच्या कोपऱ्यात टेकवा. दुसरं टोक मागच्या खांद्याशी धरा, बॉक्सिंगच्या पवित्र्यात उभे राहा आणि चवड्याने रेटा देत टोक पुढे-वर फेका. एका बाजूला ४-५ वेळा, असे ३-४ सेट, मध्ये २ मिनिटं विश्रांती. दुसरा व्यायाम ३ किलोच्या मेडिसिन बॉलचा (व्यायामाचा जड चेंडू). भिंतीपासून दीड-दोन मीटरवर उभे राहून बॉल छातीजवळून कंबर वळवत भिंतीवर आपटायचा, प्रत्येक बाजूला ५ वेळा, ४ सेट. आवाज मंदावला की सेट संपवायचा. टाच वळली नाही तर तो फेकाच धरायचा नाही. शॅडो बॉक्सिंग मात्र मोकळ्या हातांनीच.

जोर-बैठकांबद्दल वाईट बोलायचं कारणच नाही. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधलं, तेव्हापासून तिथे लढलेले किती पैलवान जोर-बैठकांवरच घडले. जोराने छाती, खांदे, पाठ मोकळी आणि दमदार होते. पण जी हालचाल ५०० वेळा होते ती स्नायूला हलकी असते, म्हणून तिने दम वाढतो. ठोशाला सेकंदाच्या लहानशा भागात सगळं बळ काढावं लागतं. तो गुण वेगळा आहे आणि वेगळा कमवावा लागतो. २०-३० जोर अंग तापवायला मारा. मग हात जमिनीवरून सुटतील असे टाळीचे जोर, ५ वेळा, ४ सेट, मध्ये पूर्ण २ मिनिटं. जमत नसेल तर हात बाकावर टेकवून करा.

तालमीतून बॉक्सिंगला आलेल्या पोरांची खरी अडचण निराळीच असते. कुस्तीत पकड धरली की बळ सोडायचं नसतं. ठोशात मात्र ते मधे सोडावं लागतं. लढवय्यांच्या स्नायूंतले विद्युत संकेत मोजले तेव्हा दोन उसळ्या दिसल्या: एक ठोसा निघताना, दुसरी लागताना, आणि मधे सैलपणा. मूठ पहिल्यापासून आवळली की हात ओढल्यासारखा जातो. खांदा कानापासून खाली ठेवा, मूठ सैल सोडा, शेवटच्या वीतभर अंतरात आवळा आणि त्याच क्षणी नाकाने फुस्कन श्वास सोडा. वस्तादांनी महिनाभर एवढं एकच तपासलं तरी फरक दिसेल.

वाळूच्या पोत्याचा सल्ला देणाऱ्याला जबाबदार धरायला हवं, इतका तो घातक आहे. वाळू तळाशी बसून दगडासारखी होते. उघडी मूठ त्यावर जरा तिरकी पडली की करंगळीमागचं तळहाताचं हाड गाठीच्या जरा मागे मोडतं. या फ्रॅक्चरला डॉक्टर बॉक्सरच्याच नावाने ओळखतात. हाड भाराने बळकट होतं हे खरं, पण महिनोन् महिने हळूहळू. ठेचून नव्हे. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसला पाहिजे, मनगट सरळ, हाताला साडेचार मीटरची पट्टी आणि सरावाला १४ किंवा १६ औंसचे ग्लोव्ह्ज. बॅग चिंध्यांनी भरा. इचलकरंजी शेजारी असल्यावर चिंध्यांना काय तोटा! बटणं आणि चेन काढून, वीतभर थर घालून दांडक्याने ठासत जा, नाहीतर पोकळी राहते आणि महिन्याभरात खालचा भाग टणक होतो. बॅगचं वजन स्वतःच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. करंगळीकडे सूज आली किंवा गाठ आत गेल्यासारखी दिसली तर शेकत बसू नका, एक्स-रे काढा.

अर्धा तास पूर्ण ताकदीने मारणं शरीराला शक्यच नाही. पूर्ण जोराचं इंधन स्नायूत दहाएक सेकंदांपुरतं असतं. पुढची २९ मिनिटं दमलेल्या हाताने चुकीचं मारण्याचा सराव होतो. ताकदीच्या दिवशी ३-४ ठोसे मारा, ३० सेकंद थांबा, असं १० वेळा. ३ मिनिटं विश्रांती घेऊन पुन्हा एकदा, बस. बॅग लांब झुलत गेली तर ढकलली गेली समजा. नीट लागलेल्या ठोशाने बॅग जागीच दुमडते आणि आवाज कोरडा येतो. ३ मिनिटांच्या राउंडचा दम वेगळ्या दिवशी कमवा.

वजनाने वेग जातो ही समजूत जिममधल्या १२-१५ रिपांच्या (एका दमात तेवढ्या वेळा वजन उचलण्याच्या) बायसेप सेटवरून आली असावी. दुसऱ्या दिवशी अंग आखडतं, वजनगटही वर सरकतो. पण स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) किंवा डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) एका वेळच्या कमाल वजनाच्या ८० ते ८५ टक्क्यांवर, ३-४ सेट, प्रत्येकी ३-४ रिप, आठवड्यातून दोनदा केलं तर पायांचं तेच बळ वाढतं ज्यावर ठोसा उभा आहे. शेवटचा रिपही वेगात उठला पाहिजे, अडखळला तर वजन कमी करा. मात्र प्रशिक्षकाने ढब मान्य केल्याशिवाय वजन वाढवायचं नाही.

राहिला ‘३० दिवसांत दुप्पट’. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत मागच्या हाताचा सर्वाधिक जोर नवख्यांचा सुमारे २४०० न्यूटन, मधल्या फळीचा ३७०० आणि अव्वल बॉक्सरांचा ४८०० भरला. म्हणजे नवखा ते अव्वल हे अंतरच दुपटीचं आहे, आणि ते कापायला वर्षं जातात. दिसण्याजोगी सुधारणा हवी असेल तर हे वेळापत्रक ८ ते १२ आठवडे धरा: सोमवार-गुरुवार वजन आणि मेडिसिन बॉल, मंगळवार-शुक्रवार बॅगवर ताकदीचे ठोसे, बुधवार-शनिवार दमाचे राउंड. आणि ज्या सकाळी तालमीत ५०० बैठका झाल्यात, त्या संध्याकाळी ताकदीचे ठोसे नकोत. ते दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी मारा.