‘काही झालं नाही’ या तीन शब्दांबद्दल

चोपड्याच्या भाऊंना नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि सकाळी चहा घेताना परत वाचली. राग आला नाही. पण विषय जिवाचा आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होता येत नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या .३२ रिव्हॉल्वरमध्ये पिस्तुलाचं .३२ काडतूस घालू नका, सिलिंडर (काडतुसं बसतात ते फिरतं नळकांडं) फुटेल. भाऊंचं म्हणणं असं: नाना, तुम्ही उगाच घाबरवताय. माझ्या मावसभावाने रेंजवर पन्नासेक पिस्तुलाच्या गोळ्या रिव्हॉल्वरमधून झाडल्या, काही झालं नाही. गोळी उडताना होणाऱ्या वायूच्या दाबासाठी कारखाना हत्यारात भरपूर जादा ताकद, म्हणजे जागा, ठेवतो. रिव्हॉल्वरचं काडतूस फार मऊ, म्हणजे कमी जोराचं आहे. अमेरिकेत तर लोक जादा दाबाची काडतुसं सर्रास वापरतात.

एक चूक आधी कबूल करतो. ‘सिलिंडर फुटेल’ असं मी ठामपणे लिहायला नको होतं. पहिल्या गोळीला तो बहुधा फुटत नाही. लेखातलं ते वाक्य आजच बदललं आहे.

बाकी माझं मत तेच आहे. का, ते सांगतो.

दोन्ही काडतुसांना आपण ‘बत्तीस’ म्हणतो, गोंधळ तिथूनच सुरू होतो. रिव्हॉल्वरचं काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ सालचं, पुंगळीची (दारू भरलेल्या धातूच्या नळीची) लांबी सुमारे २३ मिलिमीटर. पिस्तुलाचं .३२ एसीपी १८९९ सालचं, पुंगळी १७ मिलिमीटरची. जाडी जवळजवळ सारखीच, आणि एसीपीच्या बुडाला छोटीशी कड असते. त्यामुळे ते रिव्हॉल्वरच्या चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात, आत घसरून न पडता कडेवर टेकून राहतं, आणि चाप ओढला की उडतंही. अमेरिकन उत्पादकांच्या ‘सामी’ या संस्थेने ठरवलेला कमाल दाब लाँगसाठी १५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) आहे, एसीपीसाठी २०,५००. म्हणजे सदतीस टक्के जास्त.

असा घोटाळा टाळायची एक युक्ती असते. .३५७ मॅग्नम हे जास्त दाबाचं काडतूस १९३५ साली आलं तेव्हा पुंगळी .३८ स्पेशलपेक्षा तीनेक मिलिमीटर लांब ठेवली, कारण जुन्या .३८ रिव्हॉल्वरमध्ये ते कुणी चुकून घालू नये. १९८४ सालचं .३२ एच अँड आर मॅग्नमही लाँगपेक्षा लांब आहे. तिथे वाढलेली लांबीच आडवी येते आणि चूक होऊ देत नाही. एसीपी मात्र आखूड असल्याने त्याला अडवायला काहीच नाही. अडवायचं आपण.

आता कारखान्याने ठेवलेल्या जागेबद्दल. ही जागा असते, मान्य. युरोपात सीआयपी या हत्यारं तपासण्याचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार नवीन रिव्हॉल्वरची परीक्षा कमाल दाबाच्या तीस टक्के वर नेलेल्या खास काडतुसांनी घेतात. ती मोजकीच झाडतात, मग हत्यार तपासतात आणि शिक्का मारतात. सदतीस टक्के जादा दाब म्हणजे तुमचा मावसभाऊ ती परीक्षा प्रत्येक चाप ओढताना घेत होता, पन्नास वेळा, हातात धरून, आणि मधे एकदाही तपासणी न करता.

मी तीस वर्षं भुसावळला रेल्वेत फिटर होतो. डब्याचा धुरा काल लाखभर किलोमीटर धावून आला म्हणून आज त्याला तसाच पाठवत नाहीत. अल्ट्रासॉनिक यंत्राने आतले तडे शोधतात, कारण तडा केसाएवढा असतो, वरून दिसत नाही आणि दर फेरीला थोडा पुढे सरकतो. धुरा मोडतो त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत त्याचाही अनुभव ‘काही झालं नाही’ असाच असतो. रिव्हॉल्वरचंही तसंच. सहा गोळ्यांच्या बहुतेक सिलिंडरांत अडकणीची खाच, म्हणजे सिलिंडर जागेवर थांबवणारी खाच, नेमकी चेंबरच्या पाठीवर येते. तिथे पोलाद सगळ्यात पातळ असतं. तडा जायचा तर तिथून जातो.

शिवाय कानपूरचं हे रिव्हॉल्वर वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्वरच्या धाटणीचं, काडतुसं भरायला मधून दुमडून उघडणारं आहे. अखंड चौकट नाही. खालचा बिजागरीचा खिळा आणि वरची नालेसारखी कडी, एवढ्यावर सगळा झटका तोलला जातो. वेब्लीचाच दाखला घ्या. जुन्या .४५५ वेब्ली अमेरिकेत गेल्या, तिथे सिलिंडर मागून घासून त्यांत पिस्तुलाचं .४५ एसीपी काडतूस घालू लागले. नेहमीच्या .४५ एसीपीचा दाब त्या हत्याराच्या हिशेबाबाहेरचा आहे, आणि जाणकार आजही ते काडतूस त्यात वापरू नका असंच सांगतात.

माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट सांगतो. रावेरकडच्या माझ्या एका मित्राला दुकानदाराने रिव्हॉल्वरची काडतुसं नाहीत म्हणून पिस्तुलाची दिली. ‘काही व्हत नाही भो,’ असं वर म्हणाला. रेंजवर दुसऱ्या फेरीनंतर दोन पुंगळ्या आत राहिल्या. एसीपीची कड अरुंद असते, ती बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली सरकली होती. पुढून पेन्सिल घालून एकेक काढावी लागली. रेंजवर ही पाच मिनिटांची कटकट होती. रात्री आंधळ्या वळणावर तीच वेळ आली असती तर? पुढे काही महिने तो तीच काडतुसं वापरत राहिला. मग मी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून पाहिलं, तेव्हा सिलिंडर आणि बॅरलमधली फट वाढलेली होती आणि कडी बोटाने हलत होती.

आणि हे सगळं कशासाठी? कारखान्यांच्या तक्त्यांत लाँगची ६.३५ ग्रॅमची गोळी साधारण दीडशे जूल ऊर्जा देते, एसीपीची ४.६ ग्रॅमची साधारण पावणेदोनशे. तेही तक्त्यातलं. आपल्या आखूड बॅरलमधून आणि सिलिंडरच्या फटीतून वायू निसटल्यावर फरक आणखी कमी होतो. गोळी हलकी आणि वेगही निराळा, म्हणून नेम धरला तिथे लागत नाही, ते वेगळंच.

तुम्ही म्हणता त्या अमेरिकेतल्या जादा दाबाच्या, म्हणजे ‘प्लस पी’ काडतुसांचा दाखला इथे लागू होत नाही. तिथे .३८ स्पेशलचा दाब १७,००० आणि प्लस पीचा २०,०००. पुंगळीच्या बुडावर तसा ठसा असतो आणि कोणतं रिव्हॉल्वर ते झेलेल हे बनवणारा स्वतः लिहून देतो. आपल्याकडे .३२ रिव्हॉल्वरला पिस्तुलाचं काडतूस चालेल असं बनवणाऱ्याने कुठे लिहिलंय?

तुमची खरी चिंता मला कळते. केळीचे पैसे घेऊन रात्री परतताना कमरेला मऊ काडतूस आहे असं वाटणं सोपं नाही. पण मी सांगेन, पावसाळा खाल्लेली जुनी काडतुसं बदला, रिव्हॉल्वरचीच घ्या, आणि दोन फेऱ्या जास्त सराव करा.

मावसभावाला सांगा, उरलेली पिस्तुलाची काडतुसं दुकानदाराकडे परत करून परवान्यावर नोंद करून घे. आणि रिव्हॉल्वर रिकामं करून, दोनदा पाहून, कडी बंद असताना बॅरल वरखाली हलते का ते बघायला सांगा. हलत असेल तर एकही गोळी न झाडता परवानाधारक कारागिराकडे न्यायला सांगा. काय निघालं ते मला नक्की कळवा.