कूलर बंद कर म्हटलं की तोंड वाकडं!

दर मे महिन्यात तेच. नागपूरचा पारा ४५ वर आणि या गायक मंडळींना माझ्याकडे आत्ताच गाणं रेकॉर्ड करायचंय. कूलर चालू ठेवला तर बारीकसा आवाजही टिपणारा कंडेन्सर माइक आधी त्याचीच घरघर पकडतो. बंद केला तर गायक दुसऱ्या कडव्यातच घामाघूम. वर सल्ला, "राहू दे नं भाऊ, मिक्सिंगमध्ये काढून टाकजो!" अरे, काय काढू? ८० हर्ट्झखालची जाडी घरघर लो-कटने, म्हणजे खालचे सूर कापणाऱ्या फिल्टरने, जाईल, पण हवेची सूं-सूं थेट तुझ्या आवाजाच्याच पट्ट्यात बसलीय. नॉइज रिडक्शन (गोंगाट पुसणारं सॉफ्टवेअर) जास्त दाबलं की गळा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मग रात्री फोन: "आवाजात दम नाही वाटून राहिला बे."

काल रात्री दोनला, गाद्या-गोधड्या टांगून, कूलर बंद करून टेक घेतला. सुरेख चालला होता. शेवटच्या ओळीला शेजाऱ्यांचा कूलर सुरू झाला.