ओमर अल-सोमाला ‘पलटला’ म्हणणाऱ्यांसाठी

परवा एका फुटबॉलवेड्या मित्राशी सीरियाचा स्ट्रायकर ओमर अल-सोमा याच्यावरून चांगलंच वाजलं. मित्राचं म्हणणं, “खेळाडू अस्सल, पण पलटला.” म्हणजे सीरियातल्या यादवी युद्धात आधी तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष असदच्या विरोधकांसोबत उभा राहिला आणि मग असदच्याच राजवटीतल्या राष्ट्रीय संघात परतला. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

५ सप्टेंबर २०१७. तेहरानचं आझादी स्टेडियम, वर्ल्ड कप पात्रता फेरी. नव्वद मिनिटं संपलेली, इराण २-१ ने पुढे. याच फेरीच्या आधीच्या नऊ सामन्यांत इराणने एकही गोल खाल्ला नव्हता. सीरियाला प्लेऑफसाठी, म्हणजे वर्ल्ड कप गाठायच्या आणखी एका संधीसाठी, एक गोल हवा होता. सोमाला बॉल मिळाला आणि त्याने तो गोलकीपर बेइरानवंदच्या दोन पायांमधून आत सारला. २-२. सीरियन समालोचकाला पुढे बोलताच येईना, तो हुंदके देऊन रडत होता. मला अरबीचं अक्षर कळत नाही, तरी तो आवाज मी कितीदा ऐकलाय.

आता सोमाचं गाव बघा. दैर अझ-झोर, युफ्रेटिसच्या काठावरचं. तिथल्याच अल-फुतुवा क्लबकडून तो खेळायला लागला. त्या गावातल्या लाखभर माणसांना इसिसने जवळपास तीन वर्षं वेढून ठेवलं होतं. तो वेढा फुटला ५ सप्टेंबर २०१७ लाच. गोल झाला त्याच दिवशी! आणि तो फोडला कुणी? असदच्या सैन्याने. २०१२ मध्ये कुवेतमधल्या पश्चिम आशियाई स्पर्धेत सोमाने ज्या असदच्या विरोधकांचा झेंडा हातात धरला होता, त्याच असदच्या. त्या झेंड्यापायी पाच वर्षं राष्ट्रीय संघाचं दार त्याला बंद होतं, ते नुकतंच उघडलं होतं. अशा माणसाने त्या रात्री नेमकं काय वाटून घ्यायला हवं होतं, हे इथे बसून आपण ठरवायचं?

मित्राची बाजूही मला मान्य आहे. होम्स शहरातल्या अल-करामा क्लबचा फुटबॉलपटू जिहाद कस्साब सरकारी तुरुंगात मेला. अशांच्या घरच्यांना तो गोल साजरा करवला नसेल, तर त्यांचं काहीच चुकलं नाही. होम्सचाच दुसरा फुटबॉलपटू फिरास अल-खतीब. बॉम्ब पडताहेत तोवर देशाकडून खेळणार नाही म्हणाला, आणि तोही २०१७ मध्ये परतला. काहीही केलं तरी निम्मा देश माझ्यावर प्रेम करेल आणि निम्मा माझ्या जिवावर उठेल, असं तो म्हणाला होता. हे पलटणं नाही हो. हा कात्रीत सापडलेला माणूस आहे.

संघाबाहेरच्या त्या वर्षांत सोमा हात बांधून बसला नव्हता. आधी कुवेतचा कादिसिया क्लब, मग २०१४ पासून सौदीतल्या जेद्दाचा अल-अहली. सौदी लीगमध्ये सलग तीन मोसम सर्वाधिक गोल त्याचे: २२, २७, २४. २०१६ मध्ये अल-अहलीला ३२ वर्षांनी लीग जिंकून दिली. चाहते त्याला ‘अगीद’ म्हणतात, म्हणजे म्होरक्या. आणि इतके गोल करणारा माणूस ऐन उमेदीत देशाच्या संघाबाहेर! याची हळहळ मला आजही वाटते.

आपल्याकडे बऱ्याच जणांनी सीरियाचा संघ पहिल्यांदा नीट पाहिला तो जानेवारी २०२४ मध्ये, आशियाई कपात भारत १-० ने हरला तेव्हा. तो गोल ओमर ख्रिबिनचा. सोमाला प्रशिक्षकाने त्या स्पर्धेसाठी घेतलंच नव्हतं.

पण मला विचाराल तर सोमा म्हणजे १० ऑक्टोबर २०१७, सिडनी. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या प्लेऑफचा पहिला सामना सीरियाने ‘घरी’ खेळला होता, म्हणजे देशात युद्ध असल्याने मलेशियातल्या मलाक्कात. १-१, पेनल्टीवर गोल सोमाचाच. सिडनीत सहाव्याच मिनिटाला पुन्हा तोच. मग ऑस्ट्रेलियाच्या टिम केहिलचे दोन गोल, दुसरा जादा वेळेत. सीरियाचे मैदानात दहाच जण उरलेले. मी ऑफिसात जेवणाचा डबा तसाच उघडा ठेवून मोबाइलला चिकटलो होतो.

अगदी शेवटी बॉक्सबाहेर फ्री किक मिळाली. सगळ्यांना माहीत होतं ती कोण घेणार. एक गोल, की दोन्ही सामने मिळून बरोबरी, आणि परक्या मैदानावर जास्त गोल केल्याच्या (अवे गोलच्या) जोरावर सीरिया पुढे आणि ऑस्ट्रेलिया घरी. सोमाने मारलेला बॉल भिंत चुकवून गेला. गोलकीपर हरला होता. बॉल पोस्टवर आदळून परत मैदानात आला.