भिडे पुलावरच्या मगरीचं काय करावं

खडकवासल्यातून पाणी सोडलं, पुण्यातला भिडे पूल बुडाला, की थोड्याच वेळात मोबाइलवर मगर येते. पुलाच्या कडेला अंग टाकून पडलेली. अशा वेळी तपासत बसू नका. आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाका. बी विंगच्या काकांनी तुमच्याआधी टाकली तर ती नामुष्की कशाने भरून निघणार? फोटोवर दोन बाणांचं चिन्ह असेल, तर तो निदान पाच हातांतून फिरून आलाय आणि व्हॉट्सअ‍ॅप तो एका वेळी एकाच चॅटमध्ये पुढे ढकलू देणार. चिकाटी ठेवा.

फोटोवरून फोटो शोधणाऱ्या गूगल लेन्सच्या वाटेला जाऊ नका. अर्ध्या मिनिटात तीच मगर भलत्याच राज्यातल्या जुन्या पुरात सापडते. तशीच दुसरी साइट टिनआय, ती तर सांगितलं की सर्वांत जुनी प्रत वर आणून ठेवते. अशा कितीतरी फोटोंना एआयने हातही लावलेला नसतो. मगर खरी, पूर खरा, आजची असते ती फक्त खालची ओळ.

पार्श्वभूमी मुळीच न्याहाळू नका. 1 ऑगस्ट 2023 पासून गरवारे कॉलेज ते सिव्हिल कोर्ट मेट्रो धावते आणि डेक्कनच्या बाजूला तिचे खांब नदीपात्रातच उभे आहेत. 'आत्ताच्या' फोटोत डेक्कनचा काठ आहे पण मेट्रो नाही, तर फोटो जुना तरी असतो किंवा काढणाऱ्या यंत्राने पुणं पाहिलेलं नसतं. ('मेट्रोही वाहून गेली' अशी ओळ जोडा, जास्त चालेल.)

सावल्यांच्या भानगडीत पडू नका. खांबाचं टोक ते त्याच्या सावलीचं टोक, माणसाचं डोकं ते सावलीचं डोकं, अशा रेघा ओढून वाढवल्या तर त्या एका बिंदूत मिळाव्या लागतात, कारण सूर्य एकच. ढगाळ हवेत सावल्याच नसतात, म्हणजे पुण्याच्या जुलैत तुम्ही सुटलातच.

'मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं कुणाला म्हणू नका. साध्या पाठवण्यात गळून पडणारी तारीख आणि जागा त्यात शाबूत राहते. त्यापेक्षा '87 टक्के एआय' असं सांगणाऱ्या एखाद्या फुकट साइटवर तो खुशाल टाका. दहादा दाबून चपटा झालेला जेपेग तिला कधी खरा वाटतो, कधी खोटा. हवा तो आकडा येईपर्यंत टाकत राहा.

बिंग फुटलंच तर 'आला तसा पाठवला' म्हणा. डिलीट मात्र करू नका. पुढच्या जुलैत लागेल.